‘सेल्फ’चा जनक चार्ल्स केटरिंग

सकाळी ऐन घाईच्या वेळी किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या घरघरीऐवजी नुसती टक-टक ऐकू यावी, हा प्रसंग गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतो. रात्री गाडी व्यवस्थित उभी केलेली असते, दिवे बंद केलेले असतात, कोणी हात लावलेला नसतो. तरी बॅटरी उतरलेली असते. शेजारच्या चार माणसांना बोलावून धक्का मारला जातो, नाही तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडली जाते. संध्याकाळी गॅरेजमध्ये बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळतो. नवी बॅटरी बसते आणि आठवड्याभरात तीच टक-टक पुन्हा सुरू होते. दोष बॅटरीचा नव्हताच, हे तेव्हा कुठे ध्यानात येते.

मोटारगाडी बॅटरीवाचून चालू होऊ नये इतकी तिची बॅटरीशी गाठ बांधली गेली, ती मुख्यतः चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग या अमेरिकी अभियंत्यामुळे. आपल्याकडच्या गॅरेजांत आजही ‘सेल्फ मार’ किंवा ‘सेल्फ लागत नाही’ असे म्हटले जाते. हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर, आणि तो व्यवहारात आणला केटरिंग यांनी. बॅटरीतून वीज कुठे, किती आणि किती वेळ जाते, या हिशेबावरच त्यांचा सारा उत्कर्ष उभा राहिला. त्याच हिशेबाची एक बाजू पुढे त्यांच्या नजरेतून निसटली आणि तिची किंमत साऱ्या जगाला मोजावी लागली. त्यांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते चौथे. मुलगा हुशार होता. पण डोळे अधू होते. थोडे वाचले की डोके दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातल्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि पैसे साठवून ओहायो राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी नाव घातले. तिथे डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले.

निराश झालेल्या या तरुणाने दूरध्वनी कंपनीच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरले. खांबांसाठी खड्डे खणण्यापासून सुरुवात झाली. मोकळ्या हवेत, पुस्तकांपासून दूर राहिल्याने डोळ्यांना आराम पडला. लवकरच ते त्या टोळीचे मुकादम झाले. दूरध्वनीच्या कामाने त्यांना जे शिकवले ते विद्यापीठात मिळाले असते असे वाटत नाही. मैलोन्‌मैल पसरलेल्या तारेत कुठे तरी एखादा सांधा सैल झालेला असतो, एखादी ओली फांदी तारेला टेकलेली असते आणि तिथून वीज जमिनीत मुरत असते. सगळी तार उकलून पाहणे शक्य नसते. तारेचा एक भाग बाजूला काढायचा, उरलेल्याची चाचणी घ्यायची, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचे आणि मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे, अशी ही शोधाची रीत. त्या काळच्या दूरध्वनी व्यवस्थेत बॅटऱ्या होत्या, चुंबकाने उघडझाप करणारे रिले होते. पुढे मोटारीच्या विजेत केटरिंग यांनी जे काही केले त्याची मुळे इथे सापडतात.

डोळे सावरल्यावर ते विद्यापीठात परतले. वर्गमित्र त्यांना धडे वाचून दाखवत आणि ते ऐकून लक्षात ठेवत. १९०४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी मिळताच डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीच्या संशोधन विभागात त्यांना नोकरी लागली. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायचे हिशेबाचे यंत्र त्या वेळी हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. त्याला विजेची मोटर बसवायची होती. अडचण अशी की दांडा फिरवण्याचा जोर देणारी मोटर पुस्तकी नियमांप्रमाणे बनवली, तर ती यंत्रापेक्षा अवजड होई. केटरिंग यांनी वेगळा विचार केला. पुस्तकातले नियम दिवसभर अखंड चालणाऱ्या मोटरसाठी होते. गल्ल्याची मोटर फार तर क्षणभर चालणार आणि मग थांबून थंड होणार. मग तिच्यावर त्या एका क्षणापुरता क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकला तर काय बिघडले? लहानशी मोटर बसली आणि यंत्र चालू लागले. भार किती एवढेच विचारून भागत नाही, तो किती वेळ हेही विचारावे लागते, हे त्यांच्या मनात इथे पक्के झाले.

याच कंपनीतील एक वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांच्याशी त्यांचे सूत जमले. डीड्स यांना मोटारींचा नाद होता. त्यांच्या घरामागे एक कोठार होते. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केटरिंग व त्यांचे काही सहकारी त्या कोठारात जमू लागले. या मंडळींना पुढे ‘कोठारातली टोळी’ असेच नाव पडले.

कोठारात त्यांनी हाती घेतलेला पहिला प्रश्न बॅटरी उतरण्याचाच होता. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. त्या काळच्या अनेक गाड्यांत ही ठिणगी कोरड्या सेलांवर चालणाऱ्या कॉइलमधून येई. कॉइलला जोडलेली पट्टी सतत थरथरत राही आणि एकेका स्फोटासाठी ठिणग्यांची सर सोडी. मिश्रण पेटायला एक ठिणगी पुरेशी असते. बाकीच्या वाया जात. त्या वाया जाणाऱ्या ठिणग्याच सेल खाऊन टाकत. ते पुन्हा चार्ज होण्याजोगे नव्हते, त्यामुळे संपले की फेकायचे आणि नवे घ्यायचे. सेलांच्या दर्जाविषयी तक्रार करणारे पुष्कळ होते. केटरिंग यांनी वीज जाते कुठे ते पाहिले. दूरध्वनीतल्या रिलेचा उपयोग करून त्यांनी अशी रचना केली, की प्रत्येक स्फोटासाठी नेमकी एकच जोरदार ठिणगी पडेल आणि लगेच प्रवाह तुटेल. सेल तेच राहिले, आयुष्य मात्र कितीतरी पटींनी वाढले.

कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड हे कामाच्या अचूकपणाबद्दल प्रसिद्ध होते. त्यांना ही रचना पसंत पडली आणि हजारो संचांची मागणी आली. १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्यासह डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. तिच्या आद्याक्षरांवरून बनलेले डेल्को हे नाव पुढे जगभर पसरले.

यानंतर आला तो हँडलचा प्रश्न. गाडीसमोर उभे राहून लोखंडी हँडल फिरवल्याशिवाय तेव्हा इंजिन चालू होत नसे. ठिणगीची वेळ थोडी चुकली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट किंवा जबडा मोडे. अशाच एका झटक्यात लेलँड यांचे मित्र आणि गाड्यांचे निर्माते बायरन कार्टर जखमी झाले व पुढे त्यांचा अंत झाला. त्यामुळे व्यथित झालेल्या लेलँड यांनी केटरिंग यांना बोलावून घेतले, अशी कथा सांगितली जाते. ती हृद्य आहे, पण तारखांशी नीट जुळत नाही. कार्टर १९०८ मध्येच वारले होते आणि स्टार्टरचे काम १९१० च्या अखेरीस सुरू झाले. कथेतला तपशील कसाही असो, हँडलने होणाऱ्या इजा खऱ्या होत्या आणि लेलँड यांना त्यावर उपाय हवा होता, यात शंका नाही.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवण्याची कल्पना नवी नव्हती. इतरांनीही ती करून पाहिली होती. जाणकारांचा आक्षेप असा, की एवढे इंजिन फिरवायला मोटर जवळपास इंजिनाएवढीच लागेल आणि तिच्यासाठी बॅटऱ्यांची रास वाहून न्यावी लागेल. केटरिंग यांच्याकडे गल्ल्याच्या यंत्राचे उत्तर तयार होते. इंजिन काही सेकंदच फिरवायचे आहे. तेवढा वेळ लहान मोटर भलामोठा भार सोसू शकते.

तथापि त्यांचे खरे कर्तृत्व मोटरच्या आकारात नव्हते. स्टार्टरने बॅटरीतून घेतलेली वीज परत कोण भरणार, हा प्रश्न त्यांनी त्याच वेळी सोडवला. इंजिन चालू झाले की तेच यंत्र उलट्या भूमिकेत जाऊन डायनॅमो बने आणि बॅटरी चार्ज करू लागे. पहिल्या संचात इंजिन फिरवताना बॅटरीचे भाग एकामागे एक जोडले जाऊन २४ व्होल्ट मिळत आणि एरवी सगळे काम ६ व्होल्टवर चाले. त्याच बॅटरीवर ठिणगीही पडे आणि दिवेही लागत. स्टार्टर, डायनॅमो, ठिणगी, दिवे आणि बॅटरी यांचे हे पहिले यशस्वी एकत्र कुटुंब. फेब्रुवारी १९११ मध्ये ते कॅडिलॅक गाडीत बसवून दाखवण्यात आले आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या हँडल न मारता चालू होऊ लागल्या. या रचनेसाठी कॅडिलॅकला ब्रिटनचा मानाचा ड्यूअर करंडक मिळाला. केटरिंग यांच्या पेटंटवर १९१५ मध्ये शिक्कामोर्तब झाले. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’मध्ये विजेचा स्टार्टर यायला १९१९ साल उजाडले.

परिणाम दूरगामी झाले. अंगात पैलवानी बळ नसलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, पेट्रोलची गाडी एकट्याने चालवता येऊ लागली. शहरातल्या सुखवस्तू घरांत तोवर विजेवर चालणाऱ्या मोटारींना मागणी होती, कारण त्यांना हँडल मारावे लागत नसे. स्टार्टर आल्यावर त्यांचा मोठा आधार गेला. म्हणजे विजेच्या गाडीची पीछेहाट होण्यास एक विजेची मोटरच कारण झाली.

या एकत्र कुटुंबाबरोबर नवी दुखणीही आली. पूर्वी ठिणगीला मॅग्नेटो, दिव्याला गॅस आणि चालू करायला माणसाचा हात, अशी प्रत्येक कामाची सोय वेगळी होती. एक बिघडले तरी दुसरे चाले. आता सगळ्यांची शिदोरी एकाच बॅटरीत आली. डायनॅमो आणि बॅटरी यांच्यातला मार्ग इंजिन थांबल्यावर तुटला नाही, तर वीज उलटी वाहून डायनॅमोतच जिरून जाई. सुरुवातीच्या डेल्को गाड्यांत चालकाने इंजिन थांबल्यावर बटण तसेच राहू दिले की हेच होई. म्हणून डायनॅमोच्या गाड्यांत प्रवाह उलटताच मार्ग तोडणारा ‘कटआउट’ सर्रास बसू लागला. त्याचे टोक चिकटून राहिले की रात्रीतून बॅटरी रिकामी. १९६० च्या दशकात डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आले आणि कटआउटचे काम डायोडकडे गेले. आजही बॅटरी रात्रीतून उतरण्यामागे अल्टरनेटरचा फुटका डायोड अनेकदा सापडतो. दुखणे जुनेच आहे, जागा बदलली.

येथे केटरिंग यांच्या हिशेबाचा उलगडा करणे उद्बोधक ठरेल. लहान गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढतो. आकडा भयंकर वाटतो. पण तो तीनच सेकंद. बॅटरीतून जाते ती अँपिअर-तासाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतकी वीज. याउलट सामानाच्या कप्प्यातला ५ वॉटचा दिवा झाकण नीट न बसल्याने जळत राहिला, तर तो अर्धा अँपिअरही घेत नाही. मात्र दहा तासांच्या रात्रीत तो ४ अँपिअर-तास पिऊन टाकतो, म्हणजे स्टार्टरच्या एका झटक्याच्या तीसपट. शुक्रवारी उभी केलेली गाडी सोमवारी काढायची झाली तर तीन दिवसांत ३० अँपिअर-तास जातात. लहान गाड्यांच्या बॅटरीची एकूण साठवण बहुधा ३५ च्या आसपास असते. मोठा प्रवाह थोडा वेळ गेला तर बॅटरी तो सोसते, बारीक गळती दीर्घकाळ राहिली तर ती मरते.

ही गळती शोधण्याची रीत दूरध्वनीच्या तारेवरचीच आहे. आधी बॅटरी निर्दोष आहे याची खात्री करायची. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. मिळत नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याच्या वायरकडे पाहावे. स्टार्टर मंद फिरत असेल तर बॅटरीइतकाच संशय अर्थिंगच्या पट्टीवर घ्यायला हवा. मोटारीत वीज परत येण्याची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच, आणि तिथला एक गंजलेला बोल्ट दहा वेगवेगळे बिघाड असल्याचा भास निर्माण करतो. एक दिवा लावला की दुसरा मिणमिणतो, काटे नाचतात, ते बहुधा यामुळे.

हे सगळे ठीक असूनही रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद करून निगेटिव्ह टोकाची वायर सोडवायची आणि मधे मल्टीमीटर जोडून प्रवाह मोजायचा. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, नाही तर मीटर जळतो. गाडीतले छोटे संगणक झोपी जायला वीस मिनिटांपासून तासभर लागू शकतो, तोवर थांबायचे. त्यानंतरही ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात असेल तर गळती आहे असे समजायचे. मग एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा झपकन खाली येतो, चोर त्या वाटेवर असतो. संगणकांनी भरलेल्या गाड्यांत फ्यूज काढल्या-घातल्याने ते पुन्हा जागे होतात. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांवर किती मिलिव्होल्टचा फरक आहे ते पाहणे अधिक चांगले. मागाहून बसवलेला म्युझिक सिस्टिम, कॅमेरा किंवा गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र यांची वायर पुष्कळदा सरळ बॅटरीलाच जोडलेली असते. पहिली नजर तिकडे टाकली तर वेळ वाचतो. तासाभराचे हे काम टाळून नवी बॅटरी विकणे सोपे असते, म्हणून बॅटऱ्या विनाकारण बदलल्या जातात.

आरोपी निर्दोष असू शकतो याचा अनुभव खुद्द केटरिंग यांना आला होता. त्यांच्या गाड्यांच्या इंजिनात चढावर कर्कश ठोका ऐकू येऊ लागला. इंजिन दणके खाई, शक्ती घटे. मॅग्नेटो बनवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांनी खापर फोडले ते डेल्कोच्या बॅटरीवरील ठिणगीवर. केटरिंग यांनी थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला कामाला लावले. सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला टिपला गेला, आणि ठोका ठिणगी पडण्याआधी नव्हे तर नंतर होतो असे दिसले. म्हणजे ठिणगी आपले काम वेळेवर करत होती. तिने पेटवलेली ज्वाला पसरत असताना उरलेले इंधन एकदम स्फोट पावत होते. दोष इंधनाचा होता. मिजलींनी इंधनाला रंग दिल्यास फरक पडेल या समजुतीने त्यात आयोडीन मिसळले. ठोका थांबला. मग दुसरे लाल रंग घालून पाहिले तर काहीच घडले नाही. रंगाची कल्पना चुकीची ठरली, पण इंधनात काही तरी मिसळून ठोका थांबवता येतो हे सिद्ध झाले. निदानशास्त्राच्या पुस्तकात घालावे असे हे उदाहरण आहे.

दरम्यान डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि तिच्या मागोमाग केटरिंग जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. १९२० पासून १९४७ पर्यंत ते तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, पेट्रोलमध्ये मिसळून पाहण्यात आले. अत्यल्प प्रमाणात ते घातले तरी ठोका पार नाहीसा होई. अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो हे या मंडळींना माहीत होते. पण त्याचे प्रमाण बरेच लागे आणि त्यावर पेटंटची मक्तेदारी मिळण्याजोगी नव्हती. शिसे स्वस्त पडे. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याला ‘एथिल’ असे नाव देण्यात आले. शिशाचा उल्लेख नावात नव्हता.

शिसे विषारी आहे हे तेव्हाही गुपित नव्हते. मिजलींना स्वतःला त्याची बाधा झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, आणखी कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. इतर कारखान्यांतही मृत्यू झाले. एथिल कंपनीचे अध्यक्ष त्या वेळी केटरिंग होते. १९२५ मध्ये काही काळ विक्री थांबली, सरकारी परिषद भरली, समिती नेमली गेली. बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही असा निष्कर्ष निघाला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. शिशाच्या परिणामांचा पुढचा बराचसा अभ्यास सिनसिनाटी विद्यापीठातील ज्या प्रयोगशाळेत झाला तिला केटरिंग यांचेच नाव होते आणि तिचा खर्च याच उद्योगाने उचललेला होता. कारखान्यातल्या कामगारावर एकाच वेळी होणारा मोठा मारा सर्वांना दिसला. रस्त्यावरच्या धुरातून मुलांच्या रक्तात वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने उतरणारे शिसे मोजायची तयारी कोणी दाखवली नाही. कमी प्रवाह दीर्घकाळ राहिला तर काय होते हे ज्या माणसाला बॅटरीच्या बाबतीत इतके स्वच्छ कळले होते, त्याला ते माणसांच्या बाबतीत कळू नये, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत दुःखद कोडे आहे. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मिजलींनी शीतकपाटांसाठी शोधलेल्या फ्रिऑन वायूचीही गत पुढे तीच झाली. तो मात्र ओझोनच्या थराला घातक आहे हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

केटरिंग यांच्या वाट्याला उघड अपयशही आले. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांवरून हवा खेळवून थंड होणारे इंजिन त्यांनी मोठ्या जिद्दीने बनवले. १९२३ साली शेवरोलेच्या अशा ७५९ गाड्या तयार झाल्या. इंजिने तापू लागली आणि ग्राहकांच्या हाती गेलेल्या शंभरेक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांची समजूत काढून त्यांना ठेवून घेतले. पुढे त्यांच्या विभागाने हलके आणि शक्तिशाली दोन-आघाती डिझेल इंजिन विकसित केले, ज्याच्या जोरावर अमेरिकी रेल्वेतून वाफेची इंजिने हद्दपार झाली. १९३४ मध्ये ‘झेफर’ ही डिझेल गाडी डेन्व्हरहून शिकागोला सुमारे तेरा तासांत धावली ती याच इंजिनावर.

मोटारीपलीकडचे त्यांचे एक काम सहसा सांगितले जात नाही. १९१६ पासून विकला जाऊ लागलेला ‘डेल्को-लाइट’ हा संच म्हणजे एक छोटे इंजिन, एक डायनॅमो आणि काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या. तारा न पोहोचलेल्या शेतघरांना त्याने ३२ व्होल्टची वीज दिली. ज्याने मिणमिणत्या उजेडात डोळे ताणत बालपण काढले त्याला हा संच सुचावा, यात नवल नाही.

उत्तरायुष्यात कीर्ती आणि संपत्ती दोन्ही अमाप मिळाल्या. त्यांच्या नावावर १८० च्या वर पेटंटे होती. १९४५ साली स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले. डेटनजवळच्या ज्या भागात ते राहत होते त्या वस्तीने पन्नासच्या दशकात स्वतःला केटरिंग हेच नाव घेतले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांची एकच ठिणगी देणारी रचना सुधारत सुधारत १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक पेट्रोल गाड्यांत राहिली. मग पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. स्टार्टर अजून आहे. आजच्या विजेच्या गाड्यांत तो नाही. पण त्यांच्याही दिव्यांना आणि संगणकांना वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर तळाशी शेकडो किलोंची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी १९९६ मध्ये पूर्णपणे बंद झाले. भारतात ते २००० साली थांबले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियातील पंपांवरचा साठा संपला. रस्त्यावरच्या मोटारीत आता शिसे उरले आहे ते मुख्यतः बॅटरीच्या पत्र्यांत.